टेबलाजवळची खाट

हजेरी घेताना मुकादम तिचं खरं नाव पुकारायचा. ती ‘आले’ म्हणायची अन् ते नाव दारापाशी चपलांबरोबर काढून ठेवून आत शिरायची. आत, लहान मुलांच्या वॉर्डात, ती पायमावशी. डॉक्टर तसंच म्हणत, सिस्टर तसंच म्हणत, कालपरवा भरती झालेलं बोबडं पोरसुद्धा तसंच म्हणे.

नाव पडलं ते तिच्या खोडीमुळं. फरशी पुसत पुसत खाटेपाशी आली की फडकं बादलीत टाकायचं, हात पदराला पुसायचे आणि पांघरुणाच्या खालच्या टोकातून आत सारून पोराचे तळवे चाचपायचे. थोरल्या सिस्टर टेबलावरून ओरडायच्या, “मावशी, साबण! साबण लावा आधी! फिनेलचे हात लावताय पोरांना!” मग ही साबण लावून यायची आणि पुन्हा तेच. गुदगुल्या झाल्या की पोरं पाय आखडून घेत, खिदळत. पोर खिदळलं की हिचा जीव भांड्यात पडायचा. पाय नुसतेच तिच्या हातात पडून राहिले, तर मात्र ती मान वर करून त्या पोराच्या तोंडाकडं बघायची.

हे काही तिच्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नव्हे. निवृत्त होऊन गेलेले एक मोठे डॉक्टर होते. शिकवायची लहर आली की समोर शिकाऊ डॉक्टर आहे का झाडणारी बाई आहे हे ते बघत नसत. एकदा समोर ही होती. ते म्हणाले, “मावशी, डेंगूचं पोर तापानं फणफणत असतं ना, तोवर मी घरी जाऊन निवांत जेवतो. ताप उतरला की माझा घास अडकतो.”

“उलटं बोलताय साहेब.”

“डेंगूच उलटा आहे. ताप उतरतो तेव्हाच एखाद्या पोराच्या शिरा झिरपायला लागतात, माठ झिरपतो तशा. रक्तातलं पाणी पोटात, छातीत जाऊन बसतं, अन् शिरांत पाण्याचा दुष्काळ. मग घरात पाणी कमी आलं की आपण काय करतो? झाडांचं तोडतो, प्यायचं राखतो. शरीरही तेच करतं. हातापायांचं तोडतं, काळजाचं राखतं. म्हणून पाय आधी गार पडतात. तोंडावर काही दिसत नाही. पोर बोलतं, हसतं, आई म्हणते बरं वाटतंय. अन् पाय गार.”

तेवढं तिच्या डोक्यात रुतून बसलं. डॉक्टर लोक पुढं आणखी बरंच बघत. नाडी, रक्ताचा दाब, लघवी, रक्त किती घट्ट झालंय, पोट कुठं दुखतंय. हिला त्यातलं पायांएवढंच कळे, पण तेवढ्यावरच तिची ख्याती झाली. आयाबाया डॉक्टरांना विचारायला बिचकत, हिला विचारत. “मावशी, निघेल का हो माझं?” पाय गरम असले की ही म्हणायची, “निघेल.” नसले तर काही न बोलता पोराच्या अंगावरची चादर ताठ करायची, सुरकुती न सुरकुती काढायची. हेही हळूहळू सगळ्यांना कळलं. मग तिनं चादरीला हात घातला की ती आई हंबरडा फोडायची, शेजारची सुरू व्हायची अन् बघता बघता अर्धा वॉर्ड रडायला लागायचा.

“मावशी, तुमच्या चादरीनं माझा वॉर्ड बुडवणार तुम्ही,” थोरल्या सिस्टर म्हणत.

मोठ्या डॉक्टरांच्या जागी आलेली डॉक्टरीणबाई वयानं हिच्या लेकीएवढी. अंगानं काटकुळी, पण चालायला लागली की मागचे धापा टाकत. तिनं एकदा हिला बाजूला घेतलं. “मावशी, हे निघेल, हे नाही निघणार, असं भविष्य सांगत जाऊ नका.”

“तुम्हीही तेच करता की बाई. हे पोर बिघडणार म्हणून कागदावर लाल खूण करता.”

“मी आधी ओळखते ते बिघडू नये म्हणून. माझी खूण खोटी ठरली तर मला आनंद होतो. तुमची खोटी ठरली तर?”

खोटी ठरली तर हिला थोडी चुटपुट लागायची, हे खरं होतं. पण असलं कुणी कबूल करतं का?

वॉर्डाच्या मधोमध सिस्टरांचं टेबल होतं आणि टेबलाला लागून एक खाट. भिंतीतून निघालेली ऑक्सिजनची नळी तिथं पोचत होती, ठोके दाखवणारं मशीन तिथं होतं, आणि सिस्टरांनी मान वर केली की त्या खाटेवरच्या पोराचं नाक दिसायचं. लाल खूण पडली की पोराला उचलून त्या खाटेवर. साधा हिशेब. पण लोकांचा हिशेब वेगळा. लोक बघायचे की कोपऱ्यातल्या खाटांवरची पोरं हातात फुगे घेऊन घरी जातात, अन् या खाटेवरची कधी जातात, कधी जात नाहीत. त्यामुळं पोराला तिकडं हलवायचं म्हटलं की आईबाप आडवे यायचे. “नको हो सिस्टर, इथंच बरा आहे तो. त्या खाटेवर नको.” कुणी हातापाया पडायचं, कुणी अंगावर यायचं.

तेव्हा सिस्टर पायमावशीला हाक मारायच्या. हिची त्या बाबतीत जीभ चालायची. एक दांडगा ट्रकवाला एकदा मुलाच्या खाटेचा गज धरून बसला होता, दोन वॉर्डबॉय लागले तरी सुटेना. ही कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

“काय हो, आगीचा बंब बघितलाय का कधी?”

“बघितलाय. मग?”

“जिथं जिथं बंब जातो तिथं तिथं घर पेटलेलं असतंय. म्हणून बंबानं पेटवलं का ते?”

ट्रकवाल्यानं गज आणखी घट्ट आवळला.

“मग सोडा की गज. का बंब आल्यावर दाराला कडी घालून बसणार?”

त्यानं सोडला. पोरगं वाचलं. जाताना त्यानं हिच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणला आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या तोंडाला लागणं म्हणजे उताराला ब्रेक फेल.” बंबाची ती गोष्ट हिनं पुढं कैकदा सांगितली. ऐकणाऱ्याला पटायची.

हिला स्वतःला ती पटली होती का, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही. विचारला असता तर ‘म्हणजे काय’ म्हणाली असती. पण दमून भागून ती कुठल्याही खाटेच्या कडेला घटकाभर टेकायची, त्या खाटेला कधी टेकली नाही. ती खाट धुवायचं फडकंही तिनं वेगळं ठेवलं होतं, खिडकीच्या गजाला बांधलेलं. ते दुसऱ्या खाटेला लावायची नाही. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही फारसं नव्हतं.

मग ते डेंगूचं वर्ष आलं. एका खाटेवर दोन दोन पोरं, खाली गाद्या, गाद्यांच्या मधून वाट काढताना सिस्टरांची कसरत. पुसायला फरशीच सापडेना. सगळ्यांच्या तोंडी एकच, “पेशी किती? पेशी किती?” डॉक्टरीणबाई सांगून सांगून थकली, “पेशींचं माझ्यावर सोडा, लघवी किती झाली ते तुम्ही सांगा.” लोकांना ते बोलणं किळसवाणं वाटायचं, पेशी ऐकायला बऱ्या. त्यात लहान पोरांचा रक्तदाब मोजायचे पट्टे फाटून गेलेले. एकच धड होता. तो खाटेखाटेला फिरायचा. डॉक्टरीणबाई आधी सगळ्यांचे पाय बघत जायची. गार पायवाल्याला पट्टा आधी, बाकीचे नंतर. दुसरा इलाजच नव्हता.

त्या गर्दीत एका सकाळी हिची लेक नातीला कडेवर घेऊन आली.

लेक शिवणकारखान्यात कामाला, जावई वेल्डर. दोघांची खोली हिच्या खोलीला भिंतीनं लागून. नात शाळेत नुकतीच जायला लागलेली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती भिंगरी आज आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

“कधीपासून गं ताप?”

“आई, तुला सांगितलं होतं की. तू म्हणालीस, उतरेल.”

“म्हणाले असेन. घरी मला काय कळतंय, मी काय घरी डॉक्टर आहे?”

“आणि इथं आहेस वाटतं!” लेक एवढ्यातही म्हणाली.

खाट मिळाली ती खिडकीपाशी, दुसऱ्या एका पोरीबरोबर अर्धी. सलाईन लागलं. ताप चढा राहिला. पायमावशीनं साऱ्या वॉर्डाचे पाय चाचपले, नातीचेही. तापलेल्या तव्यासारखे. “निघेल,” ती लेकीला म्हणाली, आणि लेकीनं डोळे मिटून घेतले.

मग ताप उतरला. लेक आनंदानं दारापर्यंत पळत आली, “आई, अंग बघ कसं गार झालंय! भूक लागली म्हणतेय!”

पायमावशीच्या हातात लघवीची बाटली होती. ती तिनं खाली ठेवली. हात धुतले, साबण लावून. खिडकीपर्यंत गेली, नातीच्या कपाळाला हात लावला, केस मागं सारले, गाल ओढला. पायांपर्यंत काही हात गेला नाही. ती वळून कामाला लागली.

सकाळी त्या टेबलाजवळच्या खाटेवरचा मुलगा गेला होता. त्याला नेलं, त्याच्या आईला दोघींनी धरून नेलं, आणि खाट हिनंच धुतली होती. खिडकीच्या गजाचं फडकं घेऊन, पाय, कोपरे, गादीचं रेक्झिन, सगळं. वर कोरी चादर घातली होती. एवढ्या गर्दीत ती एकच खाट मोकळी होती, कारण ती मोकळीच ठेवायची असते, पुढच्या लाल खुणेसाठी. पांढरीशुभ्र, ताठ. वॉर्डात कुठंही उभं राहिलं तरी दिसायची.

नातीला उलटी झाली. पोटात दुखतंय म्हणाली. मग चिडचिड करायला लागली, सलाईनची नळी ओढायला लागली. तिकडच्या टोकाला डॉक्टरीणबाईची फेरी सुरू झाली होती. पायमावशीनं मग पांघरुणात हात घातला. भिंगरीनं पाय आखडले नाहीत. खिदळली नाही. तळवे नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखे.

तिनं मान वर केली आणि आधी नातीकडं नाही, टेबलाकडं पाहिलं. त्या खाटेकडं.

कपड्यांच्या कपाटात थंडीत येणाऱ्या तान्ह्यांसाठी ठेवलेली रबरी पिशवी होती. ती पिशवी तिनं काढली, मोरीतल्या गिझरखाली धरली, टॉवेलात गुंडाळली आणि नातीच्या पायांशी सारली. वरून घोंगडी. आत हात घालून तळवे चोळायला लागली, जोरजोरात.

“काय गं आई?” लेकीनं विचारलं.

“शेकतेय. बरं वाटेल.”

लेक घोंगडीचं टोक धरून उभी राहिली, वारा शिरू नये म्हणून. आईनं एवढी वर्षं या वॉर्डात काढलेली. तिनं शेकलं म्हणजे शेकायचंच असणार.

फेरी दोन खाटांवर आली तशी पिशवी पदराखाली गेली.

डॉक्टरीणबाई आदल्या दिवसापासून उभी होती. डोळे खोल गेलेले. तिनं घोंगडीत हात घातला. “पाय गरम आहेत. चांगलं आहे. लघवी झाली?”

“झाली की सकाळी,” लेक म्हणाली.

“पोटात दुखतंय का गं भिंगरे?” नातीचं टोपणनाव आता सगळ्या वॉर्डाला पाठ होतं.

“थोडंसं.”

डॉक्टरीणबाईनं पोट दाबून पाहिलं. कपाळाला आठी पडली. “पट्टा कुठाय? तिकडं? बरं, आधी त्या कोपऱ्यातल्या मुलाला लावा, त्याचे पाय गार आहेत. मग हिचा दाब बघू. मी येतेच.” जाता जाता तिनं पायमावशीच्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नका मावशी. पाय चांगले आहेत.”

पट्टा कोपऱ्यातल्या मुलाकडं गेला. त्याचा दाब घसरलेला निघाला. त्याच्याभोवती धावपळ उडाली, आणि पांढरीशुभ्र खाट त्याला मिळाली नाही एवढंच. तिथंच कोपऱ्यात त्याला जोरात सलाईन सोडलं, कारण हलवायलाही सवड नव्हती. तो मुलगा पुढं बरा होऊन घरी गेला.

पायमावशी बादली घेऊन पुसायला लागली होती. एक खाट पुसली, दुसरी पुसली. कुणी तिला काय विचारलं तिला ऐकू आलं नाही. पिशवी पदराखाली पोटाला लागून गार होत चालली होती. मग ती परत आली आणि घोंगडीत हात घातला. पाय फरशी झाले होतेच, आता पोटऱ्याही. हातांची बोटं तशीच. नात जागी होती. म्हणाली, “आजी, मला बसव ना.” ओठांभोवती निळसर सावली.

टेबलापर्यंतची वाट ती कशी चालली तिचं तिला ठाऊक. पिशवी तिनं टेबलावर ठेवली.

“सिस्टर, नातीचे पाय गार होते. मी शेकले.”

थोरल्या सिस्टर लिहीत होत्या. “काय केलंत?”

“पिशवीनं शेकले. बाईंना कळू नये म्हणून.”

“अहो, कशापायी?”

पायमावशीची नजर नुसती त्या खाटेकडं गेली. थोरल्या सिस्टरांनी तिच्या नजरेमागं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचा रंग उतरला. बंबाची गोष्ट सगळ्या वॉर्डाला सांगणारी ही बाई. खुर्ची मागं पडली ती पडू दिली आणि धावल्या.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. पट्टा लागला, दाब सापडेना. दोन्ही हातांना सलाईन, ऑक्सिजन, मशीनची टीकटीक. भिंगरीला उचलून त्या खाटेवर ठेवलं. मधे एकदा दाब थोडा वर आला, तेव्हा तिनं इकडंतिकडं मान फिरवली आणि म्हणाली, “आजी, इथनं सगळं दिसतंय.” मग पोट फुगत गेलं, श्वास तोकडा होत गेला. डॉक्टरीणबाई त्या खाटेपासून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटायला येणाऱ्या लोकांची दारात गर्दी असताना, भिंगरी गेली.

ती खाट त्या दिवशी दुसऱ्या बाईनं धुतली. घाईत धुतली. कोपरे तसेच राहिले.

डॉक्टरीणबाई हात धूत होती, तेव्हा पायमावशी तिच्यामागं जाऊन उभी राहिली. “बाई, आधी कळलं असतं तर निघाली असती का?”

डॉक्टरीणबाईनं नळ बंद केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि समोरची ते घ्यायला पदर पसरून उभी होती. “सांगता येत नाही मावशी. वेळ गेला हे खरं. तेवढ्यानं किती फरक पडला असता, ते मला सांगता येणार नाही.”

“तुम्ही तर आधीच ओळखता.”

“पुढचं थोडं ओळखता येतं. झालेलं उलटं फिरवून नाही बघता येत.”

लेकीला घरी गेल्यावर कळलं. कुणी सांगितलं नाही. पायमावशीनंच सांगितलं, उंबऱ्यात उभी राहून, एका दमात. लेक भिंतीकडं तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, “मी घोंगडी धरून उभी होते. तू शेकतेस म्हणून मला वाटलं, बरं करतेस.” त्यानंतर ती आईशी बोलली नाही. भिंतीला भिंत, एकीच्या भांड्याचा आवाज दुसरीला येणार. पण शब्द नाही. काही निरोप असला तर जावई मधे, तोही मान खाली घालून.

पायमावशी परत कामावर आली. थोरल्या सिस्टरांनी पिशवीचं कुणाला कळू दिलं होतं का नाही ते तिनं विचारलं नाही. पिशवी कपाटात दिसली नाही, एवढंच. सगळे अजून पायमावशीच म्हणत होते, पण तिनं कुणाच्या पायाला हात लावला नाही. आयांनी विचारलं की, “मला कळत नाही बाई, डॉक्टरांना विचारा,” म्हणायची. चादरी मात्र तशाच ताठ करायची. सवय.

आणि एक दिवस पुन्हा तेच. एक बाप खाटेचा गज धरून बसला, सिस्टरांनी सवयीनं हाक मारली, “पायमावशी!” ती गेली. कमरेवर हात ठेवला. “आगीचा बंब—” एवढं म्हणाली, आणि पुढचं येईना. बाप बघतच राहिला.

“माझी नात होती या खाटेवर,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय? पळतेय आता. एका जागी बसत नाही.”

टेबलावर थोरल्या सिस्टरांचं पेन थांबलं. डॉक्टरीणबाईनं फाइलमधून मान वर केली नाही. बापानं गज सोडला.

तेव्हापासून बंब गेला आणि नात आली. आया एकमेकींना सांगत, या मावशीची नात याच खाटेवरून उठून गेली. विचारत, कितवीत आहे? केस गळले का नंतर? खाते का नीट? ही सांगायची. दुसरीत आहे. केस आता वेणीएवढे झालेत. खाण्याची नुसती बोंब. वॉर्डात भिंगरी वाढत होती, पुढचे दात पडून नवे आले होते. घरी तिचं दप्तर खुंटीला होतं तसं होतं.

एके दिवशी जावयानं हिच्या दारात अडकवून ठेवलेली लेकीच्या खोलीची किल्लीही ही गडबडीत घेऊन कामावर आली. जावई कामावर, लेक कारखान्यातून आली तर दाराला कुलूप. किल्लीसाठी तिला इथं यावंच लागलं. वॉर्डाच्या दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत पाऊल टाकेना.

आत रणधुमाळी चालली होती. एका पोराची आजी, हाडापेरानं थोराड, नातवाच्या खाटेवर आडवी पडली होती. पोराची आई बाजूला थिजून उभी. “नाही हलवू देणार. माझ्या डोळ्यांदेखत परवा तिथून एक नेलंय.”

“आजी, माझी नात—” पायमावशी म्हणाली.

“गप गं!” म्हातारी उठून बसली. “सगळ्यांना तेच सांगतेस म्हणे. शिकवून ठेवलंय तुला यांनी. खरी असेल तर दाखव नात. आहे कुठं? आण इथं. बघू दे डोळ्यांनी.”

पायमावशीचे हात कमरेवरून खाली आले. ज्या आयांनी तिच्या नातीच्या वेण्यांची चौकशी केली होती, त्या सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. आणि तेवढ्यात तिला दारात लेक दिसली. म्हातारीलाही दिसली. तोंडावळा तोच, नाक तेच. कुणालाही कळावं.

“ही कोण? लेक ना तुझी?” म्हातारीनं दाराकडं बोट केलं. “ये गं, तू सांग. तुझी पोरगी होती का या खाटेवर?”

लेकीनं खाटेकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं. पायमावशीनं डोळे मिटून घेतले. लेक काय बोलेल ते ऐकायची तिची तयारी होती. काहीही बोलली असती तरी खरंच बोलली असती.

“होती,” लेक म्हणाली. “मीच उशाशी बसले होते.”

“मग कुठाय?”

“शाळेत गेलीय.” तिनं पोराच्या आईकडं पाहिलं. “आम्हीही उशीर केला होता. तुम्ही नका करू. हलवा पोराला.”

म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. काय दिसलं तिला कुणास ठाऊक. पण ती खाटेवरून उतरली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

लेकीनं हात पुढं केला. पायमावशीनं कनवटीची किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. लेक बोलली नाही, वर पाहिलं नाही. किल्ली मुठीत घेऊन जिन्यानं खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत राहिला.

वॉर्डबॉयनं पोराला उचलून टेबलाजवळच्या खाटेवर ठेवलं. पायमावशी नळापाशी गेली. साबण लावला, कोपरापर्यंत. परत आली, पांघरुणाच्या खालच्या टोकातून हात आत घातला आणि कितीतरी दिवसांनी एका पोराचे तळवे हातात घेतले.

“गार आहेत, सिस्टर,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “पट्टा आणा. पाय गार आहेत.”